पाचवं बटण

१

बोंडा दगड खायचा. घरात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं.

जयनगरातल्या त्या गल्लीत वर्षभर कुणाचं ना कुणाचं घर बांधायला काढलेलं असे आणि फाटकाबाहेर जल्लीचा, म्हणजे बारीक खडीचा, ढीग पडलेला असे. सकाळी नरसिंहराव दुधाची पिशवी घेऊन आले की त्यांच्या मागोमाग बोंडाही यायचा, एक गाल फुगवून, काही घडलंच नाही असा चेहरा करून. नरसिंहराव पिशवी खाली ठेवत, उकिडवे बसत, दोन बोटं त्याच्या जबड्यात घालून खडा काढत आणि म्हणत, "अरे, इडली आहे का ती?"

तो खडा मग खिडकीच्या कट्ट्यावर जाई. कट्टा भरला की त्यांच्या पत्नी तुंगाबाई सगळे खडे ओंजळीत घेऊन ढिगावर परत टाकून येत. ढीगवाल्याचं नुकसान नको.

बोंडा पिल्लू असताना लेकीनं, सुचेतानं, त्याला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. तेव्हा तो गोल आणि तपकिरी होता, नुकताच तळून काढल्यासारखा, म्हणून बोंडा. आता ती जनावरांची डॉक्टर झाली होती आणि हेब्बाळच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू व्हायची होती. गावातली भटकी कुत्री मारली जातात याची तिला इतकी चीड होती की जेवताना तो विषय निघाला तर तिचा भात तसाच राहायचा. बोंडाच्या दगडांचीही तिला चीड होती. जंत, रक्ताची कमतरता, लहानपणची उपासमार, कंटाळा, अशी एकेक कारणं तिनं तपासली, औषधं दिली. बोंडा औषध खायचा आणि वर खडा खायचा.

"त्याला आवडतात गं," नरसिंहराव म्हणायचे.

"अप्पा, आवडायला ते शेंगदाणे आहेत का?"

नरसिंहराव शिंपी होते. त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे पायानं चालवायचं काळं मशीन होतं आणि त्याखाली बोंडाची जागा. लेकीसाठी ते डॉक्टरचा पांढरा कोट शिवत होते. त्यासाठी त्यांनी शिंपल्याची पाच बटणं डबीत किती वर्षं जपून ठेवली होती, ते त्यांनाच ठाऊक. बटण लावण्याची त्यांची एक पद्धत होती. चार भोकांतून टाके झाले की बटणाखाली दोऱ्याला तीन वेढे द्यायचे. त्याला ते बटणाची मान म्हणत. शेवटी दोरा दातानं तोडायचा. कात्री हाताशी असली तरी दातानंच.

"अप्पा, रेडिमेड कोट बाहेर टांगलेले असतात. सोमवारी मला रुजू व्हायचंय."

"स्वल्प थांब गं. नुसती बटणं राहिलीत."

"तुमचं नेहमीचंच! मी घेऊन येते विकतचा."

ती खरंच विकतचा घेऊन आली. परतली तेव्हा नरसिंहराव मशीनवर डोकं टेकून बसले होते. डोळा लागला असेल असं तिला वाटलं. बोंडा त्यांच्या पायाशी उभा होता आणि भुंकत नव्हता.

२

चितेभोवती फिरताना सुचेताच्या धाकट्या भावाच्या, अनिलकुमारच्या, खांद्यावरचं मडकं ज्या दगडानं फोडलं, तो दगड घरी आला. तो जीवखडा. दहा दिवस गेलेलं माणूस त्या दगडात राहतं, त्याला रोज सकाळी तिळाचं पाणी द्यायचं, आणि दहाव्या दिवशी कावळ्यानं पिंडाला चोच लावली की दगड पाण्यात सोडायचा. दगड घरात ठेवायचा नसतो, म्हणून तो फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवला होता, दर्भ गुंडाळून.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोनाड्यात नुसता दर्भ होता. खाली बोंडा बसलेला. तो जिभेनं नाक पुसत होता.

"अय्यो," अनिल एवढंच म्हणाला.

कृष्णमूर्ती भट स्कूटर स्टँडवर लावून आत आले. पाठीत वाकलेले, तोंडात पान, घराण्याचे जुने भटजी. त्यांनी कोनाडा पाहिला, कुत्रा पाहिला, अनिलकडे पाहिलं.

"भटजी, दुसरा घेऊ का एखादा? बाहेर ढीग आहे," अनिल म्हणाला.

"हरवला असता तर काहीतरी प्रायश्चित्त करून दुसरा घेतला असता. हरवलाय का?"

"नाही, पण..."

"कुठे आहे ते ठाऊक आहे ना? मग हरवला कसा म्हणू?" भटजींनी पान गालाच्या दुसऱ्या बाजूला सारलं. "पाणी कुणाला द्यायचं? दगडाला. दगड कुठे आहे? मग घाल की तिथेच."

"म्हणजे कुत्र्यावर?"

"कुत्र्यावर नाही रे. दगडावर. मध्ये कुत्रा आहे, त्याला आपण काय करणार?"

तीन दिवसांत अनिल पहिल्यांदा हसला आणि लगेच त्याचे डोळे भरून आले. सुचेता मात्र चिडली. ती म्हणाली, खडा उद्या-परवा बाहेर पडेल, मी लक्ष ठेवते, तोवर हा तमाशा कशाला? कुणी ऐकलं नाही. दुःखातल्या घराला काहीतरी हातानं करायला हवं असतं, हे तिला कळत होतं, पण कळून राग जात नव्हता.

बोंडाला अंगावर पाणी आवडत नसे. अंघोळीच्या दिवशी त्याला पलंगाखालून ओढून काढावं लागे. त्या सकाळी अनिलनं तांब्या वाकडा केला आणि बोंडा चारही पाय रोवून उभा राहिला. तीळ पाठीवरून ओघळले. तो हलला नाही, त्यानं अंगही झटकलं नाही. अनिलचं नाव-गोत्र म्हणून होईपर्यंत मान किंचित खाली घालून, वडीलधाऱ्या माणसानं नमस्कार घ्यावा तसा, तो उभा होता.

"हळू घाल रे," तुंगाबाई म्हणाल्या. "नाकात जाईल त्यांच्या."

सुचेतानं आईकडे पाहिलं. आईला आपण काय बोललो हे कळलंच नव्हतं.

३

जीवखडा बाहेर पडला नाही. सुचेता रोज पाहत होती.

पण दुसरंच काहीतरी झालं. बोंडानं दगड खाणं सोडलं. सकाळी तो ढिगावरून सरळ निघून यायचा, खडीकडे ढुंकूनही न पाहता. खिडकीचा कट्टा रिकामा राहू लागला. इतकी वर्षं सुचेताला हेच तर हवं होतं. तिनं स्वतःला समजावलं: धक्का बसलाय, माणसासारखाच कुत्राही शोक करतो, सवयी बदलतात. हे पुस्तकात होतं आणि खरंही होतं.

मग पुढच्या खोलीतला खडू नाहीसा झाला. कापडावर आखायचा, निळा, अप्पांच्या बोटांनी एका कडेला झिजलेला. बोंडाच्या मिशा निळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान गेलं. तेही चोर शिरावा तसं नव्हे. खोलीत काही विस्कटलेलं नसे, कात्री जागेवर, टेप गुंडाळलेली.

"भूक आहे त्याला," तुंगाबाई म्हणाल्या.

"आई, भूक लागली की भात खातात. अंगुस्तान नाही."

"मी भुकेबद्दल नाही म्हणत गं."

त्या दिवशी दुपारी सुचेतानं बटणांची डबी उघडायला घेतली. झाकण इतकं घट्ट की नखानं कड धरून उचकटावं लागायचं. झाकण उघडंच होतं, शेजारी नीट उताणं ठेवलेलं. त्यावर दाताचा ओरखडा नव्हता. डबी रिकामी होती. मशीनवर अर्धवट कोट तसाच पडला होता, पाच काजं केलेली. त्याच्या कॉलरला अप्पांनी खोचून ठेवलेली, पांढरा दोरा ओवलेली सुई होती. असायची. आता कॉलरला नुसतं बारीक भोक होतं.

बोंडा मशीनखाली कुशीवर झोपला होता.

"तोंड उघड," तिनं त्याचा जबडा धरला. "बोंडा, उघड म्हणते ना!" त्यानं उघडलं. जीभ गुलाबी, दात स्वच्छ, काही नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला. ओळखीच्या, थोड्या थकलेल्या नजरेनं. फक्त एक गोष्ट, आणि ती तिनं नंतरही कुणाला सांगितली नाही. बोंडा पाहताना एक डोळा बारीक करत होता. सुईत दोरा ओवताना करतात तसा.

तिनं स्टेथोस्कोप आणला आणि त्याच्या पोटावर टेकवला.

आधी नेहमीची गुरगुर. पोट म्हटलं की आवाज असणारच. मग गुरगुर थांबली आणि एक अगदी बारीक टक्क् झालं. त्यामागून एक लांब, कोरडा, ओढल्यासारखा आवाज. जाड कापडातून दोरा ओढताना येतो तो. पुन्हा टक्क्. पुन्हा दोरा.

तो आवाज ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. याच खोलीत, याच जमिनीवर, पाटीवर अक्षरं गिरवत.

तिनं कानातून नळ्या काढल्या. बाहेर भाजीवाला ओरडत होता, वर पंखा फिरत होता. आतडी हलतात, तिनं मनाशी म्हटलं. धातूवर धातू घासतो. आवाजाला आपण अर्थ देतो. सगळं बरोबर होतं. एक गोष्ट मात्र तिला नक्की ठाऊक होती. पोटात सुई होती. सुई कधीही आतडं फाडू शकत होती, आणि बोंडा मेला असता.

४

दवाखान्यात डॉ. मोहनकुमारांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. ते सुचेताचे वरिष्ठ. कमी बोलणारे, आणि बोललेच तर कन्नडमध्ये, विनोद केल्यासारखं तोंड करून.

"याच्या पोटात तुमचं अख्खं दुकान आहे, अम्मा."

जठरात एक मोठा गोल डाग, तो दगड. अंगुस्तान स्पष्ट दिसत होतं. पाच बटणं एकावर एक पडलेली, मूठभर नाणी टाकल्यासारखी. आणि सुई.

"उद्या सकाळी उघडू. आज रिकाम्या पोटी ठेव."

घरी तुंगाबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दहावा होऊ दे. मग काय ते कर."

"आई, तोवर तो राहणार नाही. सुई आहे आत!"

"त्यांचं काम अर्धं राहिलंय."

"कुणाचं? आई, तो बोंडा आहे. कुत्रा आहे!"

"मला काय कळत नाही?" तुंगाबाई एकदम तडकल्या. "कुत्रा आहे ते मला दिसतंय. मी वेडी झालेली नाही. पण दगड काढलास तर ते कुठे जातील, तेवढं सांग. तू डॉक्टर आहेस ना? सांग."

 मग आईनंच सुचेताच्या केसांवरून हात फिरवला. "ने त्याला. मरू देऊ नकोस. त्यांनाही ते आवडणार नाही. फक्त हळू कर."

सकाळी भूल देण्यापूर्वी मोहनकुमारांनी आणखी एक एक्स-रे काढायला लावला. सुई सरकली का ते पाहायचं होतं. तो त्यांनी उजेडासमोर धरला आणि कालचा काढून त्याच्या शेजारी धरला.

बटणं रांगेत होती. वरून खाली, सरळ, प्रत्येकात सारखं अंतर. रांगेच्या वर, कॉलरचा गळा जिथे येतो तिथे, दगड. सुई शेवटच्या, पाचव्या बटणाजवळ होती. तिरकी, अर्धी आत गेल्यासारखी.

"सुईत दोरा होता म्हणालीस ना?" मोहनकुमार म्हणाले. "मग ओवली गेली. पोट घुसळतं, सुई फिरते. असं होतं कधीकधी."

"तुम्ही पाहिलंय, सर?"

"सरी, ठीक आहे. हातमोजे घाल," ते म्हणाले.

५

जठर उघडलं तेव्हा आधी दगड हाताला लागला. सुचेतानं तो उचलून ट्रेमध्ये ठेवला. दगड गरम होता. शरीरातून काढलेली वस्तू गरमच असते. मग अंगुस्तान निघालं. मग मोहनकुमारांनी चिमट्यात पहिलं बटण धरलं आणि उचललं.

ते आलं नाही. त्याच्याबरोबर जठराचं अस्तर वर उचललं गेलं.

"याला आधी कुणी टाके घातलेत का?"

"नाही, सर."

"मग हे काय?"

तिनं वाकून पाहिलं. गुलाबी, ओल्या अस्तरावर शिंपल्याचं बटण चमकत होतं. चार भोकांतून पांढरा दोरा गेलेला. टाके सरळ, घट्ट, घाई नसलेले. बटण थोडं वर उचललेलं होतं, म्हणून खालचा दोरा दिसत होता. त्याला वेढे होते. मोजायची गरज नव्हती, तरी तिचे डोळे मोजून मोकळे झाले. तीन.

"गुंतलाय दोरा," मोहनकुमार म्हणाले. त्यांचा आवाज सपाट होता. "काप. बघत काय बसलीस? काप."

सुचेतानं कात्री घेतली. मोठमोठ्या गोष्टींसाठी भांडायला ती तयार असायची. महापालिकेशी, पुढाऱ्यांशी, सगळ्या जगाशी. पण त्या सकाळी, अप्पांनी घातलेल्या मानेखाली कात्री सरकवताना, तिला वाटलं की आपल्याला आयुष्यात याहून अवघड काही करावं लागणार नाही. पहिलं बटण सुटलं. दुसरं. प्रत्येक वेळी भूल दिलेल्या बोंडाचा मागचा पाय हलत होता. खाली-वर, खाली-वर, एका लयीत. मशीनचं पायडल दाबावं तसा.

चौथं सुटलं. पाचवं तिला दिसलं. त्याला अजून मान नव्हती. दोरा सैल लोंबत आत कुठेतरी गेला होता.

"श्वास पडतोय," मोहनकुमार एकदम म्हणाले. "सुई कुठे आहे? लवकर!"

तिनं दोऱ्यामागे बोट घातलं. दोरा जात होता, संपत नव्हता. क्षणभर, अगदी क्षणभर, पलीकडून कुणीतरी दोरा हलकेच ओढला. रागानं नव्हे. काम करणाऱ्या माणसाच्या हातातली वस्तू लेकरानं धरली की तो म्हणतो ना, सोड गं, तसा.

तिनं सोडला.

"बंद कर! कुत्रा जाईल, बंद कर!"

त्यांनी पोट बंद केलं. श्वास परत आला. हात धुताना मोहनकुमार तिच्याकडे न बघता म्हणाले, "सुई राहिली. दोन दिवस वाट पाहू. खाली सरकली तर नशीब. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल, आणि ते त्याला झेपणार नाही."

६

दहावा हेब्बाळच्या पुढे, येलहंक्याच्या वाटेवरच्या एका तळ्याकाठी होता. बोंडाला दवाखान्यातून वाटेतच घेतलं. चादरीत गुंडाळून त्याला टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवलं. सुई खाली सरकली नव्हती. त्यानं कालपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं आणि नाक कोरडं पडलं होतं. सुचेताच्या पिशवीत तो अर्धवट कोट होता. रात्रभर जागून तिनं त्याला चार बटणं लावली होती. मान तिला नीट जमली नव्हती. पाचवं काज रिकामं होतं.

अनिलनं पिंड मांडले, शेजारी जीवखडा. सगळे मागे सरले.

कावळे होते. झाडावर बसलेले, खाली बघत. एक उतरला, पिंडाभोवती फिरला, उडून गेला. येलहंक्याच्या हवाई तळावरचं विमान डोक्यावरून गेलं आणि सगळेच उडाले. परत आले. पुन्हा बसून राहिले.

"विमानाला घाबरतात," अनिल म्हणाला. मग हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, दुकान मी बंद करणार नाही. मशीन विकणार नाही."

कावळे बसून राहिले.

"माझी काळजी करू नका," तुंगाबाई म्हणाल्या. "गोळ्या वेळेवर घेईन."

एका कावळ्यानं मान वाकडी केली. बस्स, तेवढंच.

ऊन चढलं. कृष्णमूर्ती भटांनी घाम पुसला आणि दर्भ हातात घेतला. कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. "होतं असं. मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले.

"थांबा," सुचेता म्हणाली.

"अक्का, उशीर होतोय," अनिल म्हणाला.

"स्वल्प थांब ना."

हे शब्द आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं. ती टॅक्सीपाशी गेली, दार उघडून मागच्या सीटशी गुडघ्यावर बसली. बोंडाचे डोळे अर्धे मिटलेले होते. तिनं पोटावरचे टाके सांभाळून कान टेकवला. या वेळी नळ्या लावल्या नाहीत.

टक्क्. दोरा ओढल्याचा आवाज. थांबून, पुन्हा. किती सावकाश! प्रत्येक टाक्यासरशी बोंडाचं अंग आकसत होतं. त्याला दुखत होतं. आतल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. काम करताना त्याला कधीच कशाचं भान नसायचं.

तिनं कोट अंगावर चढवला आणि चारही बटणं लावली.

"अप्पा," ती बोंडाच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणाली. "बघा, बसला. खांद्यात अगदी बरोबर बसला. विकतचा मी परत करणार आहे." तिनं पाचव्या, रिकाम्या काजावर बोट ठेवलं. "खालचं बटण कुणी लावत नाही हो. उघडंच ठेवतात. राहू दे ते. माझ्या घाईचं मनावर घेऊ नका. पण आता याला दुखतंय, अप्पा. बोंडाला दुखतंय."

आवाज थांबला.

बराच वेळ काहीच नव्हतं. विमान नाही, वारा नाही. मग, तीन वेळा, काहीतरी गोल फिरल्यासारखा एक मऊ, घसटता आवाज आला. आणि शेवटी, अगदी कानाजवळ, कुणीतरी आत दातानं दोरा तोडला.

बोंडाचं अंग ताठ झालं. तो खोकला, पुन्हा खोकला, आणि तिच्या तळहातावर ओलं, चकचकीत असं काहीतरी पडलं. सुई. नेढ्यात बोटभर दोरा. त्याचं टोक कापलेलं नव्हतं, चावून चपटं झालेलं होतं. कुत्र्यालाही दात असतात, तिनं स्वतःला सांगितलं. सांगून पाहिलं.

मागे पंखांची फडफड झाली आणि तुंगाबाईंचा रडण्याचा आवाज आला. मोकळा, मोठा, दहा दिवसांत पहिल्यांदा. अनिल ओरडत होता, "अक्का, खाली उतरला! अक्का, खातोय!" सुचेतानं वळून पाहिलं नाही. तिनं सुई कोटाच्या कॉलरला खोचली.

पुढे जेव्हा जेव्हा बोंडाचा एक्स-रे काढला, तेव्हा ते पाचवं बटण दिसायचं. एकाच जागी, पक्कं. त्यानं त्याला कधी त्रास दिला नाही.

पण ते नंतरचं. त्या वेळी बोंडानं चादरीतून मान वर काढली. टॅक्सीच्या दाराशी तळ्याकाठची वाळू आणि गोटे होते. तो वाकला, त्यानं हुंगलं, आणि एक गोटा अलगद तोंडात घेऊन सुचेताकडे पाहू लागला. एक गाल फुगवून, दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून, काही घडलंच नाही असा चेहरा करून.

तिनं दोन बोटं त्याच्या जबड्यात घातली.

"अरे," ती म्हणाली, "इडली आहे का ती?"